जोडीतलं मुकं कार्ड

१

मेलेल्या कार्डावर निळा दिवा जळत होता.

दुरुस्तीच्या दुकानात मावशींनी आधी दिव्याकडे पाहिले, मग चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा पाहिले. टेबलावर एका बाजूला काच असलेला मोठा कॉम्प्युटर उघडा पडला होता आणि आत एकाखाली एक अशी दोन ग्राफिक्स कार्डे बसवलेली होती. पडद्यावर खेळाची चित्रे रंगवायची हे कार्डाचे काम. एका कार्डाला ते झेपत नाही म्हणून तसलेच दुसरे आणायचे, दोघांच्या माथ्यावर बोटभर लांबीचा जोड बसवायचा आणि ओझे दोघांत वाटून द्यायचे, अशी ही व्यवस्था. दिसायला दोन्ही कार्डे सारखी, दिवेही सारखे. फक्त खालच्यात जीव नव्हता.

"मेलंय म्हणजे?" मशीन घेऊन आलेल्या मुलाने विचारले. मुलगा कसला, चोवीस-पंचवीसचा बाप्या होता. पण घरात धाकटा असलेल्यांना लोक म्हातारपणापर्यंत मुलगाच म्हणतात.

"मेलंय म्हणजे मेलंय. दिव्याला वीज मिळतेय, म्हणून दिवा लागतोय. त्याचा अर्थ डोकं चालतंय असा होत नाही. माणसांतही असे बरेच असतात." मावशींनी खालचे कार्ड अलगद बाहेर काढले, पोटावरचा बारीक नंबर वाचला आणि मग धाकट्याने आणलेले जुने बिल वाचले. दोन्ही नंबर त्यांनी तीनदा ताडून पाहिले. "आणि दुसरी गोष्ट. हे कार्ड तुमचं नाहीच. त्याच कंपनीचं, त्याच जातीचं, पण दुसरंच कुठलं तरी. कुणीतरी तुमचं जिवंत कार्ड काढून त्या जागी हे भंगारातलं बसवलंय."

धाकटा खुर्चीवर बसला.

मावशींना या धंद्यात पस्तीस वर्षे झाली होती. पहिली पंधरा रेडिओ आणि टीव्हीत, पुढची कॉम्प्युटरमध्ये. मशीनपेक्षा मशीनच्या मालकाला प्रश्न विचारले की बिघाड लवकर सापडतो, हा त्यांचा अनुभव. त्यामुळे त्या पेचकस कमी आणि तोंड जास्त चालवतात, असे गिऱ्हाइके मागे म्हणत. पुढे म्हणायची कुणाची छाती नव्हती.

"शेवटचं बरं कधी चाललं होतं?"

"रोजच चालतंय की! काल जुन्या खेळांची स्पर्धा होती. तो जुना खेळ दोन्ही कार्डं लावल्याशिवाय नीट चालत नाही. सुरूच होईना. मग मी पहिल्यांदाच सेटिंग उघडलं, तर तिथं एकच कार्ड दिसत होतं."

"पहिल्यांदाच उघडलं?"

"सेटिंग दादाचं खातं. मी फक्त खेळतो." धाकटा जरा ओशाळला. "वरचं कार्ड माझं, पहिल्या बक्षिसाचं. खालचं दादाचं, पहिल्या पगाराचं. आमची जोडी आहे ती, मावशी."

मावशींनी कार्डावर बोट फिरवले. बोट स्वच्छ. मशीनच्या तळाशी, कोपऱ्यात, जाळीत, कुठेच धुळीचा कण नव्हता.

"पुसलंस?"

"तुमच्याकडे आणायचं म्हणून काल सगळं ब्रशनं झाडलं, आतून-बाहेरून. तसंच घाण कसं आणायचं?"

मावशींनी कपाळाला हात लावला. कोणत्या भागावर किती धूळ आहे यावरून त्यांना कोण कधी आत शिरले ते कळले असते. पण दवाखान्यात जाताना लोक दात घासून जातात, आणि मशीन दुरुस्तीला आणताना पुसून आणतात. पुरावा गेला होता, आणि तोही सद्‌हेतूने.

"बरं. मग कुणावर संशय?"

धाकट्याने रस्त्याकडे पाहिले. आवाज खाली आला. "आम्ही सगळे रविवारी बाहेर गेलो होतो. तीन तास. घरी एकच जण होता, वहिनीचा भाऊ. तो मोबाइल दुरुस्त करतो. त्याच्या खिशात कायम बारीक पेचकस असतात."

२

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी दुकानाची फळी उचलत असतानाच एक तरुण बाई समोर उभी राहिली. हातात काही नव्हते, पर्सही नाही. घाईत निघालेल्या माणसाचे असते तसे.

"मी त्या काचेच्या कॉम्प्युटरवाल्यांच्या घरची. धाकट्याची वहिनी."

"बसा."

"बसत नाही. मावशी, एकच सांगा. माझ्या भावानं नेलंय का?"

"अजून कळलेलं नाही."

"घरात सगळ्यांना कळलंय." ती शांतपणे म्हणाली, आणि त्या शांतपणाचीच मावशींना काळजी वाटली. "कुणी चोर म्हटलं नाही हो. सासूबाई एवढंच म्हणाल्या, 'त्या दिवशी घरात बाहेरचं कोण होतं बरं?' बस्स. तेवढ्यावर सगळे गप्प झाले आणि माझ्याकडे बघायचं टाळायला लागले. त्यापेक्षा तोंडावर बोलले असते तर भांडता तरी आलं असतं."

"भावाला विचारलंत?"

"विचारलं. 'ताई, मी त्या खोलीत फोन चार्जिंगला लावला आणि झोपलो' म्हणाला. मी बहीण आहे, मला पटलं. पण मी बहीण आहे म्हणूनच पटलं असेल, असंही मनात येतं. ते मनात येतं त्याची लाज वाटते." तिचा आवाज इथे पहिल्यांदा हलला. "दहा महिने झाले लग्नाला. सगळं चांगलं चाललं होतं. येत्या रविवारी मी माहेरी जाणार आहे. परत यायचं की नाही, ते अजून ठरवलेलं नाही. ज्या घरात माझा भाऊ चोर आहे तिथं मी पोळ्या लाटत बसणार नाही."

"नवरा काय म्हणतो?"

"तो काहीच म्हणत नाही. काल रात्री नेहमीसारखा जेवला, झोपला, सकाळी कामाला गेला. विचारलं की म्हणतो, जाऊ दे ना, एका कार्डापायी कशाला." ती वळली आणि पुन्हा थांबली. "भावानं घेतलं असेल तर मला आधी सांगा. नसेल तर सगळ्यांना सांगा."

मावशींनी फळी खाली ठेवली. त्यांनी आयुष्यात पुष्कळ मशीन जिवंत केली होती. ती नाही झाली तर गिऱ्हाईक फार तर दुसरे दुकान गाठते. इथे गिऱ्हाईक घर सोडणार होते, आणि हातात शुक्रवार आणि शनिवार एवढेच होते.

३

त्याच दुपारी मावशी वीजजोडणी तपासायच्या निमित्ताने त्या घरी गेल्या. कॉम्प्युटरची खोली आणि तिला लागून बाबांची खोली, मध्ये एक जाडजूड दार. बाबा छापखान्यात रात्रपाळी करत आणि दिवसा झोपत. आत्ता ते जागे होते आणि बोलायला माणूस मिळाल्यामुळे खूश होते.

"ते यंत्र? विमानच होतं ते! मी डोळे मिटले की हा पलीकडे उडवायचा. रात्रभर मशीनची धडधड ऐकून यायचं आणि घरी पुन्हा तीच. मी एकदा सरळ सांगितलं होतं, एक दिवस उचलून खाली टाकून देईन!"

आईने बाहेरूनच डोळे वटारले. "ऐका, बाईंसमोर काय बोलताय! उद्या तुमच्यावरच येईल."

"येऊ दे. मी म्हटलं होतंच." बाबा हसले. "पण नंतर थोरल्यानं हे दार बसवलं. जाड, कडेला रबर लावलेलं. तेव्हापासून काय झोप लागते म्हणता! दाराची कमाल आहे."

"कधी बसवलं?"

"झालं की वर्ष, दीड वर्ष. लग्नाच्या आधी."

मावशींनी दार लावून पाहिले, उघडून पाहिले. दार चांगले होते. मग त्यांनी बाबांना मशीनचा एक इवलासा स्क्रू धरायला दिला. बाबांनी तो डोळ्यांपासून हातभर लांब नेला, तोंड वाकडे केले आणि स्क्रू चादरीत पाडला. पुढची दहा मिनिटे दोघे तो शोधत होते.

आईकडून मावशींना फारसे मिळाले नाही. आई वाईट नव्हत्या. "मी कुणाचं नाव घेतलं नाही हो," असे त्या तीनदा म्हणाल्या, आणि तिसऱ्यांदा म्हणताना त्यांनाच ते बरे वाटले नाही, असे मावशींना दिसले.

निघताना जिन्यात थोरला भेटला. कारखान्यात यंत्रे बसवण्याचे काम करणारा, हाताने नेटका, बोलण्याने मोजका. मावशींची पिशवी त्याने न विचारता हातात घेतली आणि दोन मजले उतरला. खालच्या पायरीवर मात्र थांबला.

"मावशी, एक विनंती आहे. घरी सांगा की कार्ड आपोआप जळलं. नंबर बघताना चूक झाली म्हणा. विषय संपेल."

"तुमचा मेहुणा सुटेल म्हणून?"

"सगळेच सुटतील."

मावशींनी पिशवी परत घेतली. "मी पस्तीस वर्षं मशीन दुरुस्त करतेय. बिघाड सापडला नाही तर सापडला नाही म्हणते. खोटं कधी सांगितलं नाही. आणि एक सांगते, कार्ड जळलं म्हटल्यानं तुमच्या मेहुण्याचं नाव पुसलं जाणार नाही. लोक म्हणतील, बाईनं सांभाळून घेतलं."

थोरला वळून जिना चढू लागला. हा माणूस मेहुण्याला वाचवतोय, की आणखी कुणाला, हा प्रश्न मावशींसोबत रस्ताभर चालत राहिला.

४

शनिवारी सकाळी मावशींनी ते मेलेले कार्ड उघडले. मेलेल्या कार्डाचे पोट फाडण्यात काय हशील, असे कुणीही म्हणाले असते. पण हातात दुसरे काही नसले की माणूस तेही करतो.

आवरण निघाले, पंखा दिसला. या जातीच्या कार्डाला एकच पंखा असतो. त्याची तार मूळ जागेवरून सोडवलेली होती. तुटलेली नव्हती, ओढलेली नव्हती. नीट सोडवून, दुमडून, कडेला काळ्या चिकटपट्टीने बसवलेली होती. पट्टीची टोके कात्रीने सरळ कापलेली.

मावशींनी तार जोडली, कार्डाला वीज दिली. पंखा आरामात फिरू लागला.

त्यांनी चहा मागवला आणि तो गार होईपर्यंत पंख्याकडे बघत राहिल्या. चोराला काय हवे असते? खोट्या मालाने खऱ्यासारखे दिसावे. मेलेल्या कार्डाचा पंखा फिरत राहिला असता तर चोराचे फावलेच असते. चालता पंखा मुद्दाम कोण बंद करेल? ज्याला खोटेपणा लपवायचा आहे तो नव्हे. ज्याला आवाज नको आहे तो.

आवाज कुणाला नको होता, हे तर घरभर माहीत होते. पण बाबांच्या हाताला इवलासा स्क्रू राहत नव्हता. ही तार सोडवणे त्यांना जन्मात जमले नसते. शिवाय बाबा त्यांच्या झोपेचे श्रेय मनापासून दाराला देत होते.

मावशींनी धाकट्याला फोन केला. "तू खेळतोस ते रेकॉर्ड करतोस का?"

"करतो की. दर शनिवारी एक व्हिडिओ टाकतो, तीन वर्षं झाली."

"त्यात खोलीतला आवाज येतो?"

"माइक उघडाच असतो. लोक शिव्या घालायचे पूर्वी, मागं गिरणी चालू आहे का म्हणून."

"पूर्वी? सगळे व्हिडिओ घेऊन ये."

धाकटा अर्ध्या तासात हजर झाला. मावशींनी कानाला जुना जाड हेडफोन लावला, डोळे मिटले आणि त्याला बोलू नकोस म्हणाल्या. जुन्यातला जुना व्हिडिओ सुरू झाला. धाकट्याच्या आरडाओरड्याच्या मागे मोठी घरघर होती, आणि ती सरळ नव्हती. चढायची, उतरायची, चढायची, उतरायची. घुंऽई, घुंऽई. रेडिओच्या काळापासून हा आवाज मावशींच्या ओळखीचा होता. जवळजवळ सारख्या वेगाने फिरणारे दोन पंखे शेजारी असले की त्यांचे सूर एकमेकांत अडकतात आणि असे हेलकावे येतात. एकट्या पंख्याला ते जमत नाही. एकटा सरळ गातो.

त्या एकेक शनिवार पुढे सरकल्या. घुंई, घुंई. घुंई, घुंई. आणि मग एका शनिवारी हेलकावा थांबला. घरघरही निम्म्यावर आली होती. राहिला तो एक बारीक, सरळ सूर.

"या शनिवारच्या आधी काय झालं होतं?"

धाकट्याने तारीख पाहिली. "बहुतेक... दादानं मशीन साफ केली होती. कार्डांना नवी पेस्ट लावली म्हणाला, थंड राहतील म्हणून. त्याच आठवड्यात त्यानं बाबांचं दार बसवलं." त्याने तारीख पुन्हा पाहिली. मग सावकाश म्हणाला, "मावशी, ही तारीख सोळा महिन्यांपूर्वीची आहे."

"हो. आता मला पडद्याचा हा कोपरा दाखव. हा आकडा कसला?"

"सेकंदाला किती चित्रं उमटतात त्याचा. जास्त तितका खेळ सफाईदार." धाकट्याने दोन्ही व्हिडिओ शेजारी लावले. आधीच्या शनिवारी ब्याण्णव. नंतरच्या शनिवारी त्र्याण्णव.

"काहीच फरक नाही," तो म्हणाला. "एक कार्ड गेलं आणि काहीच फरक पडला नाही."

५

संध्याकाळी दुकानात चार खुर्च्या लागल्या. थोरला, त्याची बायको, धाकटा आणि मावशी. थोरला सर्वांत शेवटी आला आणि दाराजवळची खुर्ची धरून बसला.

"मी बिघाड समजावून सांगते," मावशी म्हणाल्या. "कुणाला मध्ये बोलायचं असेल तर बोला. वहिनीबाई, पहिलं तुमचं. कार्ड रविवारी गेलं असं घरात सगळे धरून बसलेत, कारण गेलं हे मंगळवारी कळलं. पण ते कळायला हा जुना खेळ लागला. हा रोज खेळतो ते नवे खेळ जोडीला विचारतच नाहीत. आपण जबरदस्ती केली तर दोन्ही कार्डं तापतात, घरघरतात, पण काम एकाचंच होतं. आठ माणसांचं सामान एकाच गाडीत मावतं, तरी मागं दुसरी रिकामी गाडी पळवली तर काय होईल? दोन्ही गाड्या धावतात, पोचतं तेवढंच. त्यामुळे एक गाडी मधेच काढून घेतली तरी कुणाच्या लक्षात येणार नाही. आज नाही, महिन्यानं नाही, वर्षानं नाही."

वहिनी पुढे झुकली.

"आणि तसंच झालं. सोळा महिन्यांपूर्वी एका आठवड्यात दुसऱ्या पंख्याचा आवाज गेला, तो परत कधी आला नाही. तुमचा भाऊ येण्याच्या आदल्या दिवशीचा व्हिडिओही ऐकला मी. तेव्हाही एकच पंखा. तुमच्या भावानं त्या खोलीत पाऊल टाकलं, त्याच्या कितीतरी आधी तिथलं कार्ड बदललेलं होतं. तुमचं लग्न दहा महिन्यांपूर्वीचं. सोळा महिन्यांपूर्वी या घराला तुम्ही दोघं माहीतही नव्हता."

वहिनीने दोन्ही हातांनी तोंड झाकले. ती रडली नाही. फक्त खांदे खाली आले, बुधवारपासून वर उचलून धरल्यासारखे होते ते.

"पेस्ट बदलल्यानं आवाज कमी होतोच की," थोरला एकदम म्हणाला.

"कमी होतो. हेलकावा जात नाही. तो जायला एक पंखा थांबावा लागतो. आणि तो थांबवलेला मी पाहिला. तार सोडवून, दुमडून, पट्टी लावून." मावशी त्याच्याकडेच बघून बोलत होत्या. "चोर असा नसतो हो. चोराला पंखा फिरलेला हवा. ज्यानं हे केलं त्याला शांतता हवी होती, पण खेळाचा वेग मात्र कमी व्हायला नको होता. म्हणजे त्यानं आधी एकाच कार्डावर खेळ चालवून बघितलेला असणार. मोजणारा माणूस. वर दिवाही तसाच जळायला हवा होता, जोडी काचेतून पूर्वीसारखीच दिसायला हवी होती. ज्याला जोडीवर जीव टाकणारं माणूस दुखवायचं नव्हतं, असा कुणीतरी."

मावशींनी ते कार्ड बाजूला सरकवले.

"आता दार. बाबा म्हणतात दारामुळं आवाज थांबला. दार बाबांच्या खोलीचं. पण व्हिडिओचा माइक कॉम्प्युटरच्या खोलीत आहे, आणि आवाज तिथंही थांबला. दारानं आपल्या मागचा आवाज अडवला असता, पुढचा कसा अडवेल? म्हणजे दार आवाज थांबवायला बसवलेलं नव्हतं. आवाज आधीच थांबला होता. दार बसवलं ते, अचानक शांत कसं झालं असं कुणी विचारू नये म्हणून." मावशींनी चष्मा काढून पुसला. "इथवर मी आले. पुढचं माझं काम नाही. पुढचं ज्याचं आहे त्यानं सांगावं."

धाकटा पार गोंधळून भावाकडे बघत होता. "दादा?"

थोरला हातांकडे बघत होता. "बाबा त्या दिवसांत कामावर दोनदा पेंगले," तो म्हणाला. "दुसऱ्यांदा हात मशीनच्या अगदी जवळ गेला होता. त्यांनी घरी सांगितलं नाही, मला त्यांच्या सोबत्याकडून कळलं. मी तुला म्हटलं होतं, एक कार्ड काढू या. आठवतंय?"

"जोडी फोडायची का म्हणालो होतो मी."

"दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस. मग मी माझं काढलं. विकलं, त्यातून दार केलं. भंगारातून तसलंच एक आणून बसवलं. वाटलं, सांगीन कधीतरी."

"मला बाबांचं का नाही सांगितलंस? मी स्वतः काढून दिलं असतं! दोन्ही दिली असती!" धाकट्याचा आवाज फुटला. "मला काय राक्षस समजतोस?"

"नाही. लहान समजतो. चूकच आहे ती."

वहिनी उठून उभी राहिली होती. तिचा आवाज मात्र खालचा होता. "हे सोळा महिन्यांचं तुमचं भावाभावांचं झालं. माझं चार दिवसांचं सांग."

थोरल्याने खुर्ची थोडी मागे सरकवली.

"बुधवारी तुला माहीत होतं. आई म्हणाल्या, बाहेरचं कोण होतं, तेव्हा तू समोर बसला होतास. पाणी पीत होतास."

"मला वाटलं रात्री सांगीन. रात्री वाटलं, आता सांगितलं तर आई खोटी पडेल, हा तुटेल... एक दिवस गेला की दुसऱ्या दिवशी आणखी अवघड होतं. मावशींना म्हटलं, जळलं म्हणून सांगा..."

"म्हणजे आई खोटी पडायला नको, भाऊ तुटायला नको, बाबांची झोप मोडायला नको. सगळ्यांना जपलंस." ती थांबली. "माझा भाऊ तेवढा उरला. तो चोर झाला तर चालणार होतं."

मावशींना वाटले होते की बिघाड सापडला की मशीन चालू होईल. कोणत्या भागाला कुठे वीज लागते हे त्यांना कळत होते, पण हा भाग त्यांच्या हातातला नव्हता.

"फोन लाव त्याला," वहिनी नवऱ्याला म्हणाली. "आत्ता. इथं, सगळ्यांसमोर. स्पीकरवर."

६

फोन वाजत राहिला. थोरल्याने तो टेबलावर सुट्या स्क्रूंच्या वाटीशेजारी ठेवला होता आणि दोन्ही हात गुडघ्यांत दाबून तो काय बोलायचे त्याची जुळवाजुळव करत होता. ओठ हलत होते. चौथ्या घंटीला फोन उचलला गेला.

"दाजी! बरं झालं तुम्हीच केलात, मीच करणार होतो." मागे रहदारीचा आवाज होता. मेहुणा धापा टाकत होता, बहुधा चालत असावा. "ऐका, रागावू नका. दोन दिवस हिंडतोय, आत्ता मिळालं. तेच कार्ड, त्याच जातीचं. जुनं आहे, पण चालतंय, मी दुकानात लावून बघितलं. उद्या सकाळी आणून देतो."

थोरल्याने तोंड उघडले.

"मी नेलं नव्हतं हो, दाजी. आईशप्पथ. पण ते आता कशाला? कार्ड जागेवर बसलं की झालं. तुम्ही म्हणा, त्यानं नेलं होतं आणि परत आणलं. माझी काही हरकत नाही. मी लांब राहतो, मला काय फरक पडतो." तो घाईघाईने बोलत होता, मधे कुणी थांबवू नये अशा बेताने. "फक्त ताईला काही बोलू नका. तिचं तुमच्या घरात फार मन रमलंय. फोनवर सारखं तुमच्या सगळ्यांचंच सांगत असते."

वहिनीने भिंतीकडे तोंड फिरवले. धाकटा उठला, काय करावे न सुचून पुन्हा बसला.

"दाजी? ऐकताय ना? उद्या घरी येऊ, की बाहेरच भेटू? घरी आईंना आवडणार नसेल तर मी खाली उभा राहीन."

थोरल्याने फोन हातात घेतला.

"खाली नाही उभं राहायचं," तो म्हणाला. "घरी ये. वर ये. आईसमोरच बोलायचंय मला. आणि ते कार्ड ज्याचं घेतलंस त्याला परत दे." त्याने बायकोच्या पाठीकडे पाहिले. ती वळली नाही, पण ऐकत होती. "तू नेलं नव्हतंस, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी नेलं होतं."

पलीकडे चालणारे पाय थांबले. गाड्यांचा आवाज तेवढा येत राहिला.

"मग बोलला का नाहीत, दाजी?" मेहुण्याने विचारले. त्या विचारण्यात राग नव्हता, त्याला खरोखरच कळत नव्हते.